दुसऱ्या प्रतीचे संग्रहालय

खरवईहून मुंबईला जायचे म्हणजे आधी रिक्षाने बदलापूर स्टेशन, मग मिळेल ती लोकल, आणि नशीब जोरावर असेल तर खिडकी. खिडकी मिळाली की अंबरनाथ यायच्या आत डोळे मिटायचे, हा इथला रिवाज. मीही वर्षानुवर्षे तेच केले. त्यामुळे या वाटेवरच्या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे लक्षात यायला चाळिशी उजाडली. पहिली जागा अंबरनाथची, वालधुनीच्या काठावरचे शिलाहारांचे शिवमंदिर. दुसरी भायखळ्याची, राणीच्या बागेतले ते संग्रहालय. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालय म्हणतात.

आणखी एक धागा आहे, तो रुळांवरून जात नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या अंगाने जाणारा रस्ता पुढे मुरबाडला पोहोचतो. तिथे १० फेब्रुवारी १८०३ रोजी जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे जन्मले. सगळ्या मुंबईचे नाना. ज्या रेल्वेच्या दाराला आपण रोज लोंबकळतो, ती उभी करणाऱ्यांत नाना होते. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली गाडी १८५४ मध्ये कल्याणला आली आणि १८५६ मध्ये आपल्या बदलापूरवरून खोपोलीकडे गेली. भायखळ्याचे संग्रहालय उभारणाऱ्यांतही नानाच पुढे होते.

आमच्या पिढीने हे संग्रहालय पाहिले ते शाळेच्या सहलीत. वाघ, पाणघोडा, माकडे, मग डबे उघडायचे आणि शेवटी, पोरे पुरती दमली की, ‘चला, आता म्युझियम’. आत काचेची कपाटे होती, त्यांत लहान लहान बाहुल्या होत्या, आणि बाईंचे एकच वाक्य होते: हात लावू नका. मला आठवते ती फक्त निराशा. संग्रहालय म्हणजे काहीतरी मोठे असावे, राजाचे सिंहासन नाहीतर राक्षसाचा सांगाडा. इथे सगळेच चिमुकले. बोटभर माणसे, वीतभर होड्या, लाकडी पेट्या, सुरया. घरी येऊन आईला हत्तीबद्दल सांगितले. तोही आतला नव्हे, बाहेर उभा असलेला दगडी हत्ती.

आता वाटते, माझी निराशा अगदीच चुकीची नव्हती. हे संग्रहालय खजिन्यातून जन्मलेले नाही. पॅरिसच्या लूव्रला फ्रान्सच्या राजांचा संग्रह आयता मिळाला. औंधला चित्रांचा षौक असलेला राजा होता, भवानराव पंतप्रतिनिधी. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, चौकटी गोळा करण्यात आयुष्य घातले. भायखळ्याला असा कोणी धनी नव्हता. त्याच्या संग्रहाचा पाया घातला तो जोडप्रतींनी, म्हणजे दुसरीकडे पाठवलेल्या मालाच्या इथे राहिलेल्या दुसऱ्या नगांनी.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली काचेच्या भल्यामोठ्या महालात जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरले. तिकिटे काढून आलेल्यांची गणती साठ लाखांवर गेली. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातून पाठवलेला माल पाहायला तिथे झुंबड उडे. ते यश पाहून १८५५ मध्ये पॅरिसनेही तसेच प्रदर्शन मांडले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून विणकाम, धातुकाम, लाकूडकाम, धान्ये, रंग, औषधी असा माल गोळा झाला. त्यातले दुसरे नग इथेच ठेवायचे आणि त्यांचे कायमचे प्रदर्शन करायचे, ही कल्पना त्यातूनच निघाली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलली आणि फोर्टातल्या टाउन बराकीत ‘सेंट्रल म्युझियम’ सुरू झाले. व्यवस्था डॉ. जॉर्ज ब्युइस्ट यांच्याकडे होती. हे गृहस्थ ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक आणि हवामानापासून भूगर्भापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारे.

संग्रहालय १८५७ मध्ये लोकांना खुले झाले. कुठल्याही संस्थेने उघडायला याहून वाईट वर्ष निवडले नसेल. उत्तरेत उठाव पेटला, मुंबईत सैनिकांसाठी जागा हवी झाली, आणि बराक म्हणजे शेवटी बराकच. वस्तू घाईघाईने उचलून टाउन हॉलमध्ये नेऊन टाकल्या. त्या गडबडीत पुष्कळशा फुटल्या, हरवल्या, कामातून गेल्या. त्याच धामधुमीत हिंदी माणसांविरुद्धच्या जहरी लिखाणामुळे ब्युइस्ट यांचे संपादकपदही गेले. ते घालवण्यात पत्राचे हिंदी भागधारक पुढे होते.

उरलेसुरले आवरायला आले डॉ. जॉर्ज बर्डवुड. व्यवसायाने वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक, वनस्पतींचे वेडे. त्यांनी १८६२ साली इलाख्यातल्या उपजांची एक यादी छापली. संग्रहालयाची पहिली खरीखुरी सूची म्हणायची ती हीच. तिच्यात डिंक आहेत, राळ आहे, तेलबिया आहेत, धागे, लाकडे, कडधान्ये, रंगाच्या साली आहेत. आजच्या वाचकाला ती यादी कलासंग्रहालयाची न वाटता एखाद्या मोठ्या वाण्याच्या दुकानाची वाटेल. पण त्या काळी या दोहोंत फारसा भेद कोणी करीत नसे. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला कापूस दिसायला हवा होता, तसेच त्या कापसाचे इथे काय विणतात तेही. कशाचा व्यापार होईल ते दाखवणारी जागा, असा संग्रहालयाचा रोकडा अर्थ होता. कला तिथे मागच्या दाराने आली.

जागेचा प्रश्न मात्र उरलाच. टाउन हॉलच्या कोपऱ्यात किती दिवस काढणार? १५ डिसेंबर १८५८ रोजी मुंबईकरांची जाहीर सभा भरली. राणीचा जाहीरनामा निघून जेमतेम दीड महिना झाला होता. राणीच्या नावाने एक संग्रहालय आणि एक बाग उभारायची असे ठरले. नाना शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाईंच्या घराण्यातली मंडळी, डेव्हिड ससून अशी नावे वर्गणीत पुढे आली, आणि समितीची चिटणीसकी बर्डवुड यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजींकडे आली. राजनिष्ठा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण राजनिष्ठेच्या पाकिटात घालून या लोकांनी स्वतःच्या शहरासाठी एक गोष्ट पदरात पाडून घेतली, असेही मला वाटते. नाना या कलेत मुरलेले होते. शाळा, रेल्वे, बाग, सगळीकडे त्यांचा हाच हिशेब दिसतो.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी पायाचा दगड बसवला. तेव्हा मुंबई श्रीमंतीने फुगली होती. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर शेअरांचे असे तुफान उठले की नाटकवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत कोणी बाहेर राहिले नाही. १८६५ मध्ये यादवी संपली. कापूस कोसळला, कागदी कंपन्या कोसळल्या, बँका बुडाल्या. त्याच वर्षीच्या ३१ जुलैला नानाही गेले. भाऊ दाजींची मिळकत या पडझडीत बुडाली. वर्गण्या आटल्या आणि अर्धवट भिंतींचे काम थांबले. शेवटी सरकारने पैसा घालून इमारत पुरी केली. एकूण खर्च सुमारे चार लाख तीस हजार रुपये. २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ उघडले. लंडनच्या ज्या जगप्रसिद्ध संग्रहालयाला आज आपण या नावाने ओळखतो, त्याला ते नाव १८९९ मध्ये मिळाले. तोवर ते साउथ केन्सिंग्टन म्युझियम होते. संग्रह जोडप्रतींचा असेल, पण नावात मुंबई पहिली होती.

आता अंबरनाथला उतरू.

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातल्या पेडणे महालातल्या मांद्रे गावचे. मुंबईत आले, शिकले, आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव लागले. गरिबांना फुकट औषध देणारा डॉक्टर म्हणून शहर त्यांना ओळखे. पण रोगी संपले की भाऊ दगडांकडे वळत. जुने लेख, नाणी, पोथ्या. देशभर माणसे पाठवून ते लेखांचे ठसे मागवत. अंबरनाथच्या देवळात उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक झिजलेला लेख आहे. तो त्यांनी वाचला आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. त्यातला शक त्यांनी ७८२ असा लावला. म्हणजे इसवी सन ८६०.

हा शक चुकला होता. तो दुरुस्त केला तो भाऊंच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाने. जुनागढहून १८६१ मध्ये आलेले पंडित भगवानलाल इंद्रजी भाऊंसाठी लेण्यांतून, डोंगरांतून हिंडले आणि लेख उतरवून घेण्याच्या कामात पुढे गुरूलाही मागे टाकले. त्यांनी तोच लेख पुन्हा पाहिला आणि शक ९८२ लावला, म्हणजे १०६०. राजा शिलाहार मुम्मुणी, ज्याचे नाव लेखात माम्वाणि असे येते. एका आकड्याच्या वळणात दोनशे वर्षे लपली होती. मला यात भाऊंचा कमीपणा दिसत नाही. त्यांनी वाचले म्हणून तर दुसऱ्याला पुन्हा वाचावेसे वाटले.

या देवळाकडे संग्रहाच्या इतिहासातली आणखी एक वाट येते. १८६८ च्या सुमारास सरकारने सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉर्ज टेरी आणि त्यांचे विद्यार्थी यांना अंबरनाथला पाठवले. त्यांनी मोजमापे घेतली, रेखाटने केली, छायाचित्रे काढली आणि मूर्तींवरून प्लास्टरचे साचे उतरवले. कल्पना करून पाहा. रेल्वे येऊन बारा वर्षे झालेली, आजूबाजूला भाताची खाचरे, आणि देवळाच्या भिंतीला लगटून मुंबईची पोरे ओले प्लास्टर थापताहेत. आजही अंबरनाथच्या बाहेरच्या भिंतींवर नजर फिरवली की, एवढ्या बारीक कामाचा ठसा घ्यायला किती दिवस लागले असतील, हाच प्रश्न माझ्या मनात येतो. दगडाची नक्कल करायला बसले की दगड किती अवघड आहे ते कळते.

नक्कल हा शब्द आज आपण तुच्छतेने वापरतो. एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयवाल्यांना ती तुच्छता ठाऊक नव्हती. युरोपात प्लास्टरच्या ठशांनी दालनेच्या दालने भरली होती, कारण रोमला न जाता रोम शिकायचे तर तोच एक मार्ग होता. आपल्या कलाशाळेतले शिक्षणही याच रीतीचे. १८७२ पासून दहा-बारा वर्षे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रे उतरवीत होते. त्यातली पुष्कळशी चित्रे लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत जळाली. पण तोवर अजिंठ्याची नक्षी दुसऱ्याच वाटेने निसटली होती. टेरी यांनी १८७३ मध्ये कलाशाळेत मातीकामाचा कारखाना काढला, सिंधमधल्या कुंभारांची चकचकीत लुकणाची रीत घेतली आणि भांड्यांवर अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या काढवल्या. ही भांडी आज भायखळ्याला तळमजल्यावर आहेत. लेणे वाकाटकांच्या काळचे, चकाकी सिंधची, शाळा पारशी दानशूराच्या नावाची, मास्तर इंग्रज, हात मराठी-गुजराती पोरांचे. याला अस्सल म्हणायचे की नक्कल? मला विचाराल तर मुंबईत याहून अस्सल काही सापडायचे नाही.

तळमजल्यावरच्या बाकीच्या वस्तूंतही हीच गंमत आहे. ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ज्या पेट्या जगभर विकल्या गेल्या त्या पाहा. चंदन, शिसवी, हस्तिदंत, शिंग यांच्या बारीक चकत्या जोडून केलेले सडेली काम. हे कसब इराणकडून सिंध-गुजरातमार्गे आले आणि मुंबईच्या बाजारात साहेबाच्या मेमसाहेबासाठी शिवणपेटी होऊन बसले. बिदरची काळ्या धातूवरची चांदीची कोर, कच्छची चांदी, कोकणातले शिंगकाम. यातले बहुतेक काम राजाच्या फर्माईशीचे नसून विक्रीचे. दिखाऊ तर आहेच, क्वचित भडकही आहे. वस्तूंवर विनाकारण फुले काढली आहेत, असे मला काही कपाटांपुढे वाटले. पण ती फुले गिऱ्हाइकाला हवी होती.

मूर्ती आणि चित्रे इथे एवढी थोडी का, याचे उत्तर बर्डवुड यांच्या डोक्यात सापडते. हिंदी कारागिराच्या हातावर या माणसाचे मनापासून प्रेम होते. १८८० साली त्यांनी हिंदुस्थानातल्या हस्तोद्योगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पण याच माणसाने १९१० मध्ये लंडनच्या सभेत जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली. हिंदी माणूस सुरई उत्तम घडवतो, लुगडे उत्तम विणतो, पण ‘ललित कला’ म्हणावे असे त्याच्याकडे काही नाही, हे त्यांचे ठाम मत. त्यावर इंग्लंडातच खळबळ उडाली, चित्रकार-शिल्पकारांनी निषेध नोंदवला आणि त्या वादातून ‘इंडिया सोसायटी’ जन्मली. अंबरनाथपासून तासाभराच्या अंतरावर दहा वर्षे राहिलेल्या माणसाने हे बोलावे, याचे मला आजही नवल वाटते.

वरच्या मजल्याचा मालक वेगळा. सेसिल बर्न्स विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कलाशाळेचे प्राचार्य होते आणि या संग्रहालयाचेही व्यवस्थापक. त्यांच्या हाती आले ते धूळ खात पडलेले नमुने आणि रोज येणारी गर्दी, जिच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. या लोकांना बरणीतला डिंक दाखवून काय होणार? बर्न्स यांनी कलाशाळेतल्या हातांना मातीची माणसे करायला लावली. मुंबईत कोण कोण राहते, काय नेसते, डोक्याला काय बांधते, पोट कशावर भरते. धंदे, खेळ, खेडे, होड्या, पारशांच्या दोखम्याची आतून उघडी दाखवलेली प्रतिकृती. जुन्या मुंबईची छायाचित्रे आणि नकाशेही त्यांनी जमवले. त्यांच्यामागून आलेल्या अर्नेस्ट फर्न यांनी हे काम पुढे नेले.

लहानपणी ज्या बाहुल्यांनी माझा हिरमोड केला त्या याच. आता मी सर्वांत जास्त वेळ त्यांच्यापुढे काढतो, आणि दर वेळी मन दुभंगते. एकीकडे हे स्पष्ट दिसते की ही माणसे नमुने म्हणून मांडली आहेत. कपाटातल्या फुलपाखरासारखी. प्रत्येक जातीला एक चेहरा, एक पोशाख, एक धंदा, जणू त्या जातीत दुसऱ्या चेहऱ्याचा माणूस जन्मतच नाही. राज्य करणाऱ्याला रयत अशीच कप्पे पाडून हवी असते, जनगणनेतही आणि मातीतही. दुसरीकडे, माती मळणारा हात त्याच शहरातला होता. तो गणपती करणाऱ्या घरातला असेल, कोकणातून आलेला असेल, त्याला हे लोक रोज रस्त्यात भेटत असतील. म्हणून मधूनच एखाद्या बोटभर बाईच्या कमरेत असा बाक येतो, एखाद्या म्हाताऱ्याच्या पगडीला अशी तिरपी ढब येते, की नमुना मोडतो आणि माणूस उरतो. पगड्यांचा तर तिथे दरबारच आहे. आज मुंबईत त्यातली एक पगडी लग्नाशिवाय दिसणार नाही. साहेबाने नकाशा म्हणून करवून घेतलेली वस्तू आपल्याला आजोबांच्या आठवणीसारखी वाटते, हे त्याला कधी सुचले नसेल.

दरम्यान शहरात दुसरे संग्रहालय उभे राहात होते. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा पाया ११ नोव्हेंबर १९०५ रोजी घातला गेला. जॉर्ज विटेट यांनी बांधलेली इमारत १९१४ ला तयार झाली, महायुद्धात तिथे रुग्णालय चालले आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते संग्रहालय उघडले. त्याचा संग्रह वेगळ्या रक्ताचा. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये विकत घेतला गेला, पुढे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या वस्तू आल्या: लघुचित्रे, चिनी मातीची भांडी, युरोपीय तैलचित्रे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने पेंढा भरलेल्या प्राण्यांचे दालनही तिथे सजले. थोडक्यात, ज्याला लोक ‘म्युझियम’ समजतात ते सारे काळ्या घोड्याजवळ गेले. भायखळ्याला राहिल्या बाहुल्या, पेट्या आणि राणीच्या बागेतून वळलेली गर्दी. विद्वानांनी पाठ फिरवली, ती पुढे बरीच वर्षे.

पण संग्रह वाढायचे थांबले नाहीत. फक्त ते आता अंगणात वाढू लागले. शहराला नको झालेले जे जे मोठे आणि जड, ते संग्रहालयाच्या आवारात येऊन पडले. याची सुरुवात फार आधीची, त्या हत्तीपासून. घारापुरीच्या किनाऱ्यावर एक दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. १८१४ मध्ये त्याचे मुंडके निखळले. १८६४ मध्ये इंग्रजांनी उरलेला हत्ती उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. यारी तुटली, हत्ती पडला, तुकडे झाले. फुटका माल विलायतेला कोण पाठवणार? तुकडे आले राणीच्या बागेत, आणि १९१४ साली कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. फुटला म्हणून तो इथे राहिला. सांधे आजही दिसतात, शोधावे लागत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतले पुतळे उतरले. १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड घोड्यासकट भायखळ्याला आला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिलेली, मॅथ्यू नोबलने घडवलेली व्हिक्टोरिया राणीही आली, नाक मोडून. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला हे सगळे राजे, राण्या आणि गव्हर्नर झाडाखाली उभे असतात. त्यांच्या हातांवर कावळे बसतात. आत संगमरवरी आल्बर्ट मात्र मधोमध, जागच्या जागी. तोही नोबलचाच, डेव्हिड ससूननी दिलेला, चौथऱ्यावर हिब्रू अक्षरे असलेला. राणीच्या नवऱ्याचा पुतळा बगदादी यहुद्याने द्यावा आणि तो मराठी बागेत टिकावा, ही मुंबईची जुनी सवय.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. ते ३१ मे १८७४ रोजीच गेले होते. शेवटची वर्षे कर्ज आणि आजारपण यांत गेली. त्यांनी जमवलेल्या हस्तलिखितांचा संग्रह एशियाटिक सोसायटीकडे आहे. नाव मिळाले तरी छप्पर गळतच होते. ओतीव लोखंडी खांबांवर रंगाचे थरावर थर चढलेले, काचा फुटलेल्या, मातीच्या माणसांना ओल आलेली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. तस्नीम मेहता यांच्या पुढाकाराने आणि वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारतीचे काम झाले. छतावरची सोनेरी वर्खाची वेलबुट्टी रंगाखालून पुन्हा वर आली, मिंटनच्या फरशा दिसू लागल्या. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या आरंभी दारे पुन्हा उघडली. अलीकडे आपल्या वाटेवरचे भायखळा स्टेशनही जुन्या रूपात आणले गेले आणि त्यालाही २०२२ मध्ये युनेस्कोने गौरवले. गाडीतून उतरताना एकदा छपराकडे मान वर करून पाहायला हरकत नाही.

इमारतीच्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट अशी झाली, जी बर्न्सला आवडली असती आणि बर्डवुडला मुळीच नाही. आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून याच कपाटांच्या, बाहुल्यांच्या मध्ये त्यांची कामे मांडली गेली. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितीश कल्लाट, पुढे अतुल दोडिया. दोडियांनी आपल्या प्रदर्शनाला ‘सात हजार संग्रहालये’ असे नाव दिले. त्या नावाने मी मात्र खरवईचा विचार करू लागलो. आपल्या गावाचे संग्रहालय काढायचे तर त्यात काय ठेवाल? राजाची वस्तू आपल्याकडे नाही. भातशेतीची इरली आहेत, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे जुने साचे आहेत, लोकलचे पुठ्ठ्याचे तिकीट कोणाच्या तरी पाकिटात नक्की असेल. भायखळ्याच्या पहिल्या यादीत डिंक आणि तेलबिया होत्या, हे लक्षात ठेवून माळ्यावरचे काही टाकण्याआधी एकदा विचार करा.

आणि येत्या सुटीत मुलांना घेऊन निघालात तर क्रम उलटा ठेवा. आधी अंबरनाथला उतरून देवळाच्या उत्तरेकडच्या दारावरचा लेख शोधा. वाचता येणार नाही, नुसता पाहा. मग पुढची गाडी पकडून भायखळा गाठा आणि वाघाच्या आधी संग्रहालयात जा, पोरे ताजीतवानी असतानाच. बुधवारी संग्रहालय बंद असते.